थाळी वाजवायची राहिली

हिंगणमाळात तोफेचा आवाज आला की रिकाम्या हातानं परत जात नसे. तो डोंगरापलीकडून यायचा, घराघरांतून फिरायचा, भिंतींना नवा तडा द्यायचा आणि जाताना गावातला एखादा आवाज उचलून घेऊन जायचा. वस्तू जागच्या जागी राहायची. आवाज तेवढा जायचा.

पहिल्यांदा गेली ती रंगनाथ कोतवालाची हलगी. सरावाच्या आदल्या दिवशी गावात दवंडी द्यायची असा नियम आहे. उद्या गोळे पडणार, माळावर गुरं नेऊ नका, पोरांना आवरा. हलगी मुकी झाली, पाठोपाठ रंगनाथचा दवंडीचा गळाही गेला, पण नियम तो नियम. रंगनाथ अजूनही गल्लीगल्लीतून मुकी हलगी बडवत, तोंडाची उघडझाप करत फिरतो. ज्याचं लक्ष गेलं त्याला कळतं. धोंडिबा मेंढपाळ त्या दिवशी निंबाखाली पाठमोरा बसला होता, त्याचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याची मेंढरं गेली आणि डावा हातही गेला. चौकशीला आलेल्या माणसानं रंगनाथला विचारलं, दवंडी दिली होती का? रंगनाथनं मान हलवली. दिली तर होतीच. चौकशी तिथंच संपली.

या गोष्टीला सराव म्हणतात. गावातल्या म्हाताऱ्यांच्या म्हाताऱ्यांनी डोंगरापलीकडचा माळ सरकारला दिला, तेव्हापासून तो चालू आहे. पोरगं आठ दिवसांत सायकल शिकतं, असं मथुराक्का म्हणायची. या मेल्यांचा हात अजून कसा बसला नाही?

मथुराक्का ही भिवसेनची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून ती माहेरी परत आली, आई नसलेल्या भावाला तिनंच वाढवलं आणि त्याची बायको शेवंता हिलाही सून म्हणून याच घरात तिनंच आणलं. तिच्या जिभेला हाड नव्हतं. सारं गाव तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात असताना ती एकटी पदर खोचून अंगणात उभी राहायची, डोंगराकडे तोंड करायची आणि तोफखान्याचा उद्धार करायची. शेजारच्या बायका हातातलं काम टाकून ऐकायला यायच्या. मग एका दुपारी, शिवी अर्ध्यावर असताना तोफ उडाली आणि मथुराच्या शिव्या गेल्या. बाकीचं बोलणं नीट ऐकू यायचं, पण शिवी आली की नुसते ओठ हलायचे. बायका पदराआड हसल्या. मथुरा हसली नाही. राग आला की त्याला बाहेर पडायला वाट लागते, आणि तिची वाट बंद झाली होती. तेव्हापासून तिचा राग तिच्या छातीत बिऱ्हाड करून राहिला.

आवाज गेला तर काय बिघडलं, असं परगावचे लोक म्हणतात. त्यांना काय जातंय म्हणायला. आवाज गेलेली वस्तू फार दिवस टिकत नाही. विहिरीच्या पाझराचा झुळझुळ आवाज गेला आणि महिन्याभरात पाण्याला लोखंडाची चव आली. आता ते पाणी पिऊन पोरांचे दात तपकिरी होतात. शेजारच्या तुळसाच्या शेळीचं बेंबटणं गेलं, तर करडांना आपली आई ओळखू येईना. ती शेळीच्या समोर उभी राहून आईला शोधत राहिली आणि उपाशी मेली. मथुराच्या वडलांच्या, अण्णांच्या, श्वासाचा आवाज एका सकाळी गेला. अण्णा खाटेवर बसून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, नवल वाटल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं आणि तिन्हीसांजेच्या आत ते गेले. डॉक्टरनं म्हातारपण असं लिहून दिलं.

आणि मग तार. माळाच्या कडेनं काटेरी तारेचं कुंपण होतं, त्यावर लाल निशाणं. तार पूर्वी डोंगराच्या पलीकडे होती. नंतर ती डोंगरावर दिसायला लागली, मग उताराला, मग गायरानात. तिला सरकताना कुणी पाहिलं नव्हतं, कारण ती दिसेल अशी सरकतच नसे. तोफ उडाली की माणसाचे डोळे मिटतात. तेवढ्या मिटल्या डोळ्यात तार पुढं यायची. कचेरीत विचारलं तर नकाशा दाखवत. नकाशातली तार नेहमी आज जिथं आहे तिथंच असे.

मथुरानं मग एक हट्ट धरला. शिव्या गेल्या तर गेल्या, निदान डोळे तरी मिटायचे नाहीत. सराव सुरू झाला की ती गोठ्याच्या मागं जाऊन डोंगराकडे टक लावून उभी राहायची. डोळ्यांतून पाणी गळायचं, पण पापणी हलू द्यायची नाही. ती उभी असायची तोवर तारही जागची हलत नसे. पण बाईमाणसाला घरात कामं असतात.

अशात शेवंताला दिवस राहिले. तिची आधीची दोन पोटातच गेली होती. या खेपेला मथुरानं तिला खाटेवरून खाली उतरू दिलं नाही, प्यायला पाणीसुद्धा दूरच्या वस्तीवरून डोक्यावर आणलं. शेवंता बाळंत झाली ती सरावाच्या दिवशी, टळटळीत दुपारी. मुलगी झाली. गुबगुबीत, काळीसावळी, डोकंभर जावळ.

आता इथं जे घडलं ते हिंगणमाळाशिवाय कुठं घडलं नसतं. मूल जन्मलं की त्याच्या कानाजवळ काशाची थाळी वाजवायची, ही रीत सगळीकडे आहे. मूल दचकतं, रडतं, आणि पुढं जन्मभर आवाजाला भीत नाही. भिवसेनच्या घरात त्यासाठी वेगळी थाळी होती, पणजीपासूनची. पण तोफा आल्या आणि हिंगणमाळानं ती रीत सोडली. एवढी तोफ असताना थाळी कशाला? सरावाच्या दिवशी मूल जन्मलं तर त्याला खिडकीपाशी धरायचं आणि तोफेची वाट पाहायची. नसला सराव तर असेल त्या दिवशी धरायचं. तोफ उडाली, मूल दचकलं, झालं काम. गाव याचा तोरा मिरवायचं. आमची पोरं थाळीवर नाही, तोफेवर वाढलेली, असं सोयऱ्याधायऱ्यांना सांगायचं. चोराच्या हाती तिजोरीची किल्ली द्यावी आणि वर त्याला पानसुपारी द्यावी, त्यातला प्रकार. पण सवयीला डोळे नसतात.

मथुरानं मुलीची नाळ कापून होताच तिला पुसलं, दोन्ही हातांवर घेतलं आणि खिडकीशी उचलून धरलं. तोफ उडाली. मुलगी दचकली, तिनं तोंड उघडलं आणि पहिला टाहो फोडला. चांगला खणखणीत होता. सगळ्यांनी ऐकला, पण सुरुवातीचाच. मग तोफेचा आवाज खिडकीतून आत आला, खोलीत एक फेरी मारली, मुलीचं रडू उचललं आणि निघून गेला.

मुलीचं तोंड उघडंच होतं. जीभ थरथरत होती, चेहरा लाल झाला होता. आवाज नव्हता.

"आक्का," शेवंता म्हणाली, "तिचं रडू गेलं."

मथुरानं मुलीच्या छातीला कान लावला. आत धुकधुक चालू होती, चिमणीच्या छातीत असते तशी. एवढा एक आवाज तिच्यापाशी उरला होता. मथुराला अण्णांची खाली ठेवलेली बशी आठवली. तिनं मुलीला गोधडीत गुंडाळलं, घरातल्या धान्याच्या कणगीत उतरवलं आणि वर पोतं टाकलं. त्यानंतर तोफेच्या दर आवाजाला मुलगी कणगीत आणि मथुरा कणगीला मिठी मारून बाहेर. न्यायचीच तर माझी धुकधुक ने, असं ती त्या आवाजाला मनात सांगायची. आवाज तिच्यावरून फिरायचा आणि दुसरंच काहीतरी घेऊन जायचा. एकदा उखळ, एकदा दाराची कडी.

पण खरी गोम वेगळीच निघाली. पोर रडलं की आईला पान्हा फुटतो. रडूच नाही तर पान्हा कसा फुटावा? शेवंता मुलीला छातीशी धरून बसायची, मुलगी तोंड उघडून बिनआवाजी आक्रोश करायची, आणि दूध काही उतरत नसे. शेळीचं दूध बोळ्यानं पाजलं, ते तिनं उलटून टाकलं. तिसऱ्या दिवशी तिच्या मनगटाची कातडी सैल पडली. आणि पाचव्या रात्री सटवाई येणार होती. मुलाच्या कपाळावर पुढचं आयुष्य लिहून जाते ती. तिला घर सापडतं ते मुलाच्या रडण्यावरून, असं हिंगणमाळात मानतात. ज्या घरातून रडू ऐकू येत नाही, तिथं मूल नाही असं समजून ती पुढं जाते. ज्याच्या कपाळावर काही लिहिलंच नाही, त्याला पुढं आयुष्यही नाही.

भिवसेन मुलीला घेऊन तालुक्याला गेला. डॉक्टरनं तिला उलटीपालटी करून पाहिलं आणि म्हणाला, रडत नाही ही चांगली गोष्ट आहे, लोक झोपेसाठी तरसतात. भिवसेनच्या स्वतःच्या कानातून गळवाचं पाणी येत होतं, त्यावर त्यानं थेंब लिहून दिले. हिंगणमाळातल्या सगळ्यांना तेच थेंब लिहून दिलेले होते. बाटली एकाच आकाराची, म्हणून गावातल्या पोरी त्या रिकाम्या बाटल्यांत दिव्याचं तेल भरून ठेवतात.

गावानं आवाजाबद्दल अर्ज केले नव्हते असं नाही. अर्ज गेला की आवाज मोजणारी माणसं यायची. ती रविवारी यायची. रविवारी तोफांना सुट्टी असते. अंगणात तिवई लावून, तिच्यावर यंत्र ठेवून ती दिवसभर बसायची, आणि संध्याकाळी तुमचं गाव तर फार शांत आहे म्हणून सांगून जायची. शांत तर होतंच. गावात आवाज राहिला होता कुठं. पाणी तपासायला आलेला एकजण पाणी बाटलीत भरून घेऊन आला होता. विहिरीचं कशाला उगाच गढूळ करायचं, म्हणाला.

मुलीचं रडू कुठं आहे, हे भिवसेनलाच पहिल्यांदा कळलं. तो वैरण आणायला गायरानाकडे गेला होता. परत आला तो भारा न घेताच. तारेच्या आत रडतंय, म्हणाला. मथुरानं चपला शोधण्यात वेळ घालवला नाही.

तारेपाशी उभं राहिलं की हिंगणमाळाचे सगळे आवाज तिथं ऐकू यायचे. माळावर माणूस नव्हतं, झाड नव्हतं, गोळ्यांनी उकरलेले खड्डे आणि करपलेलं गवत. आणि त्यात तुळसाच्या शेळीचं बेंबटणं इकडून तिकडे फिरत होतं. एका खड्ड्यातून विहिरीचा झुळझुळ आवाज येत होता. रंगनाथची हलगी वाजत होती आणि रंगनाथचा गळा उद्या गोळे पडणार असं ओरडून सांगत होता, जिथं ऐकायला कुणी नव्हतं तिथं. अण्णांचा श्वास तारेच्या अगदी जवळ बसला होता. मथुरानं तो ओळखला. तिच्या स्वतःच्या शिव्याही तिथं होत्या, चांगल्या ताज्या, तोफांभोवती घोंगावत. पण तोफांपाशी काम करणारे कानात बोळे घालून असतात. गाढवापुढे वाचली गीता.

आणि रडू. ते खड्ड्याखड्ड्यांतून रांगत फिरत होतं, भुकेलं, तापलेलं, थांबायचं नाव न घेणारं.

मथुरा छावणीच्या फाटकावर गेली. फाटकावर मोठी पाटी होती: शांतता राखा. पहारेकरी कोवळा पोरगा होता, साताऱ्याकडचा. तिला दर गोष्ट दोनदा सांगावी लागली. कान गेलेत मावशी, तो ओरडून म्हणाला, फोनवर आई बोलते ते कळत नाही, मी नुसतं हां हां करतो. त्यानं तिला पाणी दिलं आणि आत निरोप धाडला. या पोरावर मथुराला रागावता येईना, त्यामुळे तिचा राग आणखी वाढला.

साहेब बाहेर आला. सभ्य माणूस होता. त्यानं तिला खुर्ची दिली.

"काय तक्रार आहे?"

"माझ्या भाचीचं रडू तुमच्याकडं आलंय. तेवढं द्या."

"आमच्याकडे बाहेरचं काहीही आलेलं नाही, बाई."

"ऐका की. आत्ता ऐकू येतंय."

साहेबानं कान दिला. वारा माळावरूनच येत होता. रडू इतकं स्पष्ट होतं की पहारेकऱ्याचीसुद्धा मान वळली.

"ते आमच्या हद्दीत आहे," साहेब म्हणाला. "हद्दीत जे आहे ते आमचं."

"दूध तुटलंय तिचं. मरंल ती."

"त्यासाठी आरोग्य खातं आहे."

मथुरानं त्याला एक शिवी दिली. तिचे ओठ हलले. साहेबाला वाटलं ती आभार मानते आहे. त्यानंही हात जोडले.

परतीच्या वाटेवर तिला ती वरात आठवली. मागं एकदा परगावची एक वरात तारेकडेच्या रस्त्यानं गेली होती. पुढं बँडवाले, ढोल, पिपाण्या, नुसता दणका. त्या संध्याकाळी तुळसाचं जातं, जे कधीचं मुकं होतं, अचानक घरघर वाजायला लागलं. तेव्हा गावाला उमगलं होतं की नियम दोन्हीकडून चालतो. तिकडून इकडे आलेला आवाज जसा रिकाम्या हातानं जात नाही, तसा इकडून तिकडे गेलेलाही रिकाम्या हातानं परत येत नाही. ज्या आवाजाच्या तो जवळ पोचेल, त्याला घेऊन येतो. गावानं दुसऱ्या दिवशी डबे, पराती, घंगाळं, जे मिळेल ते तारेकडे नेलं. पण एवढ्या लांबवर जाईल असं जोरकस वाजणारं गावात काही शिल्लकच नव्हतं. आणि त्याच आठवड्यात हुकूम आला की छावणीच्या शांततेत व्यत्यय येतो, सबब या रस्त्यानं बँड न्यायचा नाही. तोफांच्या शांततेत पिपाणीचा व्यत्यय. मथुराच्या छातीत तेव्हा पहिल्यांदा कळ उठली होती.

घरी येऊन तिनं माळ्यावरची पेटी खाली काढली. तळाशी पणजीच्या लुगड्यात काशाची थाळी गुंडाळलेली होती. जो आवाज वाजतो तोच तोफेला सापडतो. ही थाळी तोफा आल्यापासून कधी वाजलीच नव्हती, म्हणजे तिचा आवाज तिच्यात होता. मथुरानं तिला बोटसुद्धा लागू दिलं नाही. वाजवून पाहायची सोय नव्हती. एकदाच वाजणार, ते तारेपाशी, रडू जवळ आलेलं असताना.

पाचव्या दिवशी सकाळपासून सराव होता. दुपारी तार भिवसेनच्या गोठ्याच्या मागं आली होती. लाल निशाण गव्हाणीवर फडफडत होतं आणि बैल त्याच्याकडे पाहून फुरफुरत होते. एका अर्थी बरंच झालं, लांब जायचं काम उरलं नाही. भिवसेननं मुलीला कणगीतून काढलं. ती आता तोंडही उघडत नव्हती. नुसती पाहत होती, म्हाताऱ्या माणसासारखी. मथुरानं छातीला कान लावला. धुकधुक होती, पण ऐकण्यासाठी श्वास रोखावा लागत होता.

शेवंतानं ओली बाळंतीण असूनही सटवाईसाठी पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं. मथुरानं तिला जवळ बसवून सांगितलं. मी गोठ्यामागं उभी राहणार. रडू तारेपाशी आलं की थाळी वाजवणार. थाळीचा आवाज आत जाईल आणि रडू घेऊन घराकडे येईल.

"थाळी वाजली की पोरीला घिऊन दारात यायचं," मथुरा म्हणाली. "दोन्ही हातांनी वर उचलायची आन् आवाजाकडं धरायची. रडू चुकाया नको. कुनीबी काय म्हनलं तरी खाली घ्यायची न्हाई."

"न्हाई घेत," शेवंता म्हणाली.

दिवेलागणीला मथुरा गोठ्याच्या मागं गेली. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात लाटणं. तार तिच्या समोर, घर तिच्या पाठीशी. हे तिनं पुनःपुन्हा पाहून घेतलं, कारण सगळं त्यावरच होतं. आपण इकडे, ते तिकडे. गावाच्या बाजूनं वाजवायची.

रडू लांब होतं. ती हाक मारू शकत नव्हती. मुलीचं नावच अजून ठेवलेलं नव्हतं, आणि आत्या म्हणून ते ठेवणार होती मथुराच. ती नुसती उभी राहिली. डोंगराआडून तोफ उडाली. मथुरानं डोळे उघडे ठेवले. जमीन हादरली, गोठ्याची कौलं खुळखुळली, पापणी हलली नाही. तार जागची हलली नाही. दुसरी उडाली. डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून गळ्यावर आलं. तार तिथंच. उडवा, मथुरा मनात म्हणाली, अजून उडवा. अण्णांचा श्वास उचललात, विहीर नासवलीत, पोटातली पोरं खाल्लीत, आता माझी पापणी मिटवून दाखवा. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्याहून वरचढ ठरत होती.

मग रडू वळलं. त्याला तिचा वास आला असावा. खड्ड्यामागून खड्डा उतरत, चढत, ते तिच्याकडे रांगत आलं आणि तारेच्या पलीकडे अगदी पायाशी येऊन फुटलं. तिचंच होतं, खिडकीशी ऐकलेलं, खणखणीत.

मथुरानं थाळी तोंडासमोर धरली आणि अंगातल्या सगळ्या रागानिशी लाटणं हाणलं.

थाळी वाजली. जुन्या काशाचा, स्वच्छ, कापत जाणारा आवाज होता तो, आणि तो ज्या कामासाठी घडवला होता ते काम त्यानं केलं. तोफेला न दचकणारी मथुरा नुकत्या जन्मलेल्या पोरासारखी दचकली. तिचे डोळे मिटले.

उघडले तेव्हा तार समोर नव्हती. समोर माळ होता, करपलेलं गवत होतं, आणि रडू तिच्या पायाला बिलगून हळूहळू शांत होत होतं. ती मागं वळली. तार तिच्या आणि घराच्या मध्ये होती, जणू पहिल्यापासून तिथंच रोवलेली. थाळीचा आवाज तारेखालून पलीकडे गेला होता. तोफेचा आवाज घाईनं जातो. हा सावकाश चालला होता, ओळखीच्या घरी निघाल्यासारखा, गोठा ओलांडून, तुळशीला वळसा घालून.

मथुरानं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच हातानं दाबून धरलं. तिचा ओरडाही आता याच बाजूनं जाणार होता, आणि तोही रिकाम्या हातानं परत आला नसता. थाळी कणभरही खणकू नये म्हणून तिनं ती छातीशी आवळली.

दार उघडलं. दिव्याच्या उजेडात शेवंता उंबऱ्यावर आली. थाळीचा आवाज ऐकून तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं होतं. तिनं मुलीच्या अंगावरची गोधडी सारली, तिची धुकधुकणारी छाती मोकळी केली, आणि दोन्ही हातांनी तिला उंच उचलून आवाजाकडे धरलं.